बारक्याच्या अनुभवाचा दाखला

इमिग्रेशनच्या ऑफिसातून आलेलं पत्र अक्काने तिसऱ्यांदा वाचून दाखवलं, तेव्हा दादाला वाटलं, आता ही चौथ्यांदाही वाचणार. पत्र काही फार लांब नव्हतं. अर्जदाराने ज्या दुकानात सोळा वर्षं व्यवस्थापक म्हणून नोकरी केल्याचं लिहिलं आहे, ते दुकान इंटरनेटवर शोधलं असता कायमचं बंद झाल्याचं दिसतं; तरी महिन्याभरात खुलासा करावा, अन्यथा अर्ज नामंजूर समजावा. संपलं. पण दादाची ही बहीण म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारी बाई. कागद हातात आला की तिचा आवाजच बदलतो आणि स्वल्पविराम आला की ती खरोखर थांबते.

"कायमचं बंद," बारक्या म्हणाला. "आपण आत्ता ज्याच्यात बसून चहा पितोय ते."

ते बसले होते दुकानाच्या मागच्या खोलीत. रविवार असल्यामुळे शटर खाली होतं. खोलीच्या चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे त्याचा एक नग तारेने बांधलेला. कुठे बिजागरी, कुठे कोयंडा, कुठे कपाटाची पितळी मूठ. वडिलांची ही पद्धत. वाचता न येणाऱ्या माणसालाही माल सापडला पाहिजे, असं ते म्हणत. बारक्या तेवढा उभा होता, कारण त्या खोलीत त्याच्या उंचीचं स्टूल नव्हतं. सहा फूट उंच, कानावर पांढरे केस आलेला, लग्नाला पंधरा वर्षं झालेला माणूस. पण घरात धाकटा म्हणून बारक्या, तो बारक्याच राहिला.

"मी म्हणते, देवाच्या मनातच नसेल तर कशाला खुलासे करायचे?" दादाच्या बायकोने कप गोळा करता करता हळूच मुद्दा सरकवला. "भाऊजी, इथे काय वाईट आहे? पोरगी इथे वाढली. तिची शाळा इथे आहे."

"पोरीच्या शाळेचं मी बघितलंय, वहिनी," बारक्याची बायको म्हणाली. ती नर्स. रात्रपाळी करून तशीच आली होती. बोलताना आवाज चढवायची तिला कधी गरज पडत नसे, आणि हेच वहिनीला सोसत नसे.

"तू सगळंच बघितलं आहेस गं. दोन वर्षं बघतेच आहेस. आम्हाला शेवटी कळलं."

"वहिनी, आता ते नको," अक्का म्हणाली. पण म्हणताना ती सरकून वहिनीच्या बाजूला बसली. घर मोडायला नर्सबाई निघाल्या आहेत, यावर या दोघींचं गेले सहा महिने एकमत होतं. एरवी त्यांचं साखर किती घालायची यावरही एकमत होत नाही.

 दुकान कायमचं बंद आहे असं साऱ्या जगाला कोणी सांगितलं, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस गार झालेल्या चहात बघत होता.

गोष्ट घडली होती ती अशी. जुन्या दारांच्या कड्या-मुठी विकणारं हे दुकान गल्लीच्या बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. ते बारक्याने जगाला ठाऊक केलं. त्याने वेबसाइट काढली. मोडकी मूठ हातात घेऊन हताश झालेला माणूस सर्चमध्ये काहीबाही टाइप करायचा आणि पहिलंच नाव यांचं यायचं. बारा-तेरा वर्षं बरी गेली. मग सर्चवाल्यांनीच दुकान मांडलं. आत्तापर्यंत लोकांना वाट दाखवत होते, ते आता वाटेतच टोपली घेऊन बसले. तुमच्या मालाचे फोटो द्या, मापं द्या, वर्णनं द्या, आम्ही फुकट दाखवू, असं त्यांचं आमंत्रण आलं. बारक्या म्हणाला होता, "दादा, थोडं थांबू. मापं ही आपली मेहनत आहे." दादा म्हणाला होता, "फुकट आहे ना? मग टाक." आणि सगळंच थोरल्याच्या नावावर असायचं ही या घरची रीत असल्यामुळे, नोंदणीत 'मालक कोण' असं विचारल्यावर बारक्याने सरळ दादाचं नाव आणि दादाचाच फोन नंबर घातला. दुसरं काही घालायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं आणि त्याने दादासमोर मोबाइल धरला. सर्चवाल्यांच्या दुकानात सगळ्यात वर, तश्शीच मूठ, निम्म्या किमतीला. कुठल्यातरी लांबच्या कारखान्याची. खाली वर्णन होतं: 'दार आपल्याकडे ओढून उघडत असाल तर ही घ्या, ढकलून उघडत असाल तर आधी आम्हाला विचारा.' हे वाक्य बारक्याचं होतं. जसंच्या तसं. "तुम्ही दुप्पट घेता वाटतं?" गिऱ्हाईक म्हणालं आणि गेलं.

आयत्या बिळावर नागोबा! दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि नेमकं त्याच वेळी सर्चवाल्यांनी त्याच्या फोनवर विचारलं, तुमच्या दुकानाची माहिती बरोबर आहे का? खाली पर्याय होते. दादाने एकेक वाचला आणि 'हे दुकान कायमचं बंद झालं आहे' यावर बोट दाबलं. त्याला वाटलं, आपण त्यांच्या बाजारातून नाव काढून घेतलं. तोंडावर दार आपटलं. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

दुसऱ्या आठवड्यात ऑर्डरी रोडावल्या. "बंद झालात का हो?" असे दोन-तीन फोन आले, ते दादाच्याच फोनवर. "चालू आहे, चालू आहे," म्हणून त्याने ठेवून दिले, आणि काय झालंय ते त्याला कळलं. पुन्हा उघडायचं कसं ते येत नव्हतं. बारक्याला विचारायचं म्हणजे सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता बारक्याच एक दिवस येऊन म्हणाला, "दादा, वेबसाइट संपली. मी जीव तोडून बघितलं. आम्ही बाहेर जायचं म्हणतोय." मग तर सांगायची सोयच उरली नाही. आपलं दुकान कुठे आहे हे घरातलं कोणी सर्चवर बघत नाही. बारक्यानेही बघितलं नव्हतं; तो आपली वेबसाइटच तपासत बसला होता.

"दाखला नवीन करू," अक्काने चष्मा वर सारला. "खुलाशासोबत जोडू. मागचा एका ओळीचा होता, त्यानेच घोळ झाला. कामाचं स्वरूप सविस्तर लागतं. दादा, सांग, मी लिहिते. बारक्या दुकानात काय काम करतो?"

"दुकान बघतो."

"दुकान तू बघतोस. तो काय करतो?"

"कॉम्प्युटर."

नर्सला हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं. "दादा, सोळा वर्षं हा तुमच्या मागच्याच खोलीत बसतोय."

"मग तू सांग," अक्का फणकारली.

"सांगते. लोक मोडलेल्या मुठीचा फोटो पाठवतात. हा म्हणतो, शेजारी एक नाणं ठेवून परत काढा. नाण्यावरून माप काढतो. स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर, दाराची जाडी, दार कुठल्या बाजूला उघडतं. मग या खणांतून जुळणारं काढतो. नसेल तर ओतून आणतो. मध्ये एक आजीबाई होत्या. नवरा गेला, त्यात त्याच्या कपाटाची मूठ तुटली, तेव्हापासून कपाट बंद. कपडे आत. फोडायला कोणाला बोलवायचं नाही म्हणाल्या. हा तीन आठवडे त्यांच्याशी फोटो-फोटो खेळत होता."

"उघडलं?" वहिनीने नकळत विचारलं.

"उघडलं. त्यांनी आतला त्याचा कोट घालून फोटो पाठवला."

 "हे मला माहीत नव्हतं," दादा म्हणाला.

"सांगितलं होतं मी," बारक्या म्हणाला. "तू म्हणालास, एका मुठीपायी तीन आठवडे? धंदा करतोस का समाजसेवा?"

तो चिडून बोलला नव्हता. त्यामुळे दादाला जास्तच लागलं. आपण असं म्हणालो होतो हे त्याला आठवत नव्हतं, पण म्हणालो असणार याबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती.

अक्का लिहीत होती. 'ग्राहकांकडून आलेल्या छायाचित्रांवरून मापन करणे.' कोर्टाच्या भाषेत आजीबाईंचा कोट काही मावत नव्हता.

"पण आधी ते 'बंद' काढायला हवं," बारक्या म्हणाला. "दाखला कितीही चांगला दिला तरी ते परत शोधून बघणार. कोणीतरी वाकड्यात शिरून केलंय हे. त्या निम्म्या किमतीवाल्या कारखान्यातल्या एखाद्याने केलं असेल. मी तक्रार करतो. मालकाच्या नंबरवरून करावी लागेल. दादा, तुझा फोन दे."

दादाचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

फोन बिघडलाय म्हणायला काय लागत होतं? काहीच नाही. घरी राहिला म्हटलं असतं तरी चाललं असतं. महिना असाच गेला असता. तक्रारी, उत्तरं, पुन्हा तक्रारी. अर्ज आपोआप पडला असता. बारक्या चार दिवस तोंड पाडून बसला असता आणि मग नेहमीसारखा सकाळी मागच्या खोलीत येऊन दिवा लावू लागला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. दादाला हे सगळं स्वच्छ दिसलं, आणि ते त्याला हवं होतं. इतकं हवं होतं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"मीच केलं ते," तो म्हणाला.

"काय?"

"बंद. मी दाबलं. त्या दिवशी तो माणूस तुझं वाक्य दाखवून गेला ना, त्या दिवशी. मला वाटलं, आपण त्यांच्यातून बाहेर पडतोय." त्याने फोन काढून बारक्यासमोर धरला. "नंतर कळलं. तोवर उशीर झाला होता. म्हणजे झाला नव्हता. मी केला."

वहिनीच्या हातातले कप खणखणले. तिने ते खाली ठेवले. "अहो," ती म्हणाली, आणि पुढचं सुचेपर्यंत थांबली. "अहो, आणि मी या पोरीला बोल लावत होते. रोज. येता-जाता. घर मोडलंस म्हणून. तुम्ही समोर बसून ऐकत होतात. एकदा तरी म्हणायचंत, गप्प बस."

 वहिनी उठली आणि नर्सच्या शेजारी, कुलपांच्या खोक्यावर जाऊन बसली.  नर्सने थोडं सरकून जागा दिली. अक्का त्या बाजूला एकटीच उरली.

बारक्याने फोन हातात घेतला. दोन-तीनदा बोट फिरवलं. "झालं," तो म्हणाला. "उघडलं."

"इतकंच?"

"इतकंच."

"अरे, मग प्रश्नच मिटला!" अक्काने पेन ठेवलं. ती एकदम उजळली. "दुकान उघडलं. आता लोक येतील. मग कशाला जायचं कुठे? बारक्या, तू बघ. दोन महिन्यांत गाडी रुळावर येईल. फाडते मी हा खुलासा."

"फाडू नकोस, अक्का."

"अरे पण..."

"येतील लोक. नाहीही येतील. त्यांचा माल आपल्या वर आहे तो आहेच." बारक्याने फोन दादाच्या हातात परत दिला, ठेवला नाही, दिला. "दादा, आठ महिने मी माझी चूक शोधतोय. प्रत्येक फोटो पुन्हा काढला. प्रत्येक वर्णन तीनतीनदा लिहिलं. मला वाटलं, आता आपल्याला जमत नाही. आपलं वय झालं. हिला म्हणालो, मी कुठे गोदामात खोकी उचलेन, पण हे आता माझ्याच्याने होत नाही. तिला जायचं होतं, हे खरं आहे. मी नाही म्हणत होतो. दोन वर्षं नाही म्हणत होतो."

"तू मला आधी..." दादा म्हणाला. "मी सांगितलं असतं तर राहिला असतास?"

बारक्याने खरोखर विचार केला. त्याची ती सवय. गिऱ्हाइकाने काही विचारलं की तो आधी छताकडे बघतो. "माहीत नाही," तो म्हणाला. "आता ते कळायचं नाही."

नर्सने डोळे पुसले. ते कोणासाठी होते, तिलाही सांगता आलं नसतं. "दादांनी आत्ता सांगितलं नसतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तसं त्यांना सोपं होतं." ती आपली बाजू घेते आहे हे दादाला कळायला वेळ लागला, कारण या घरात तिची बाजू त्याने कधी घेतली नव्हती.

"दाखला दे," बारक्या म्हणाला.

"देतो. अक्का, लिही. नीट लिही. व्यवस्थापक नको. भागीदार लिही. निम्मं दुकान त्याचंच आहे, साऱ्या गल्लीला माहीत आहे."

"गल्लीला विचारणार नाहीत ते," अक्का म्हणाली. तिचा आवाज पुन्हा कोर्टातला झाला होता. "कागदावर तो पगारी आहे, दादा. हिशेबनीस म्हणाला, कर वाचेल, म्हणून तूच तसं दाखवलंस. अर्जही बारक्याने नोकरीच्याच अनुभवावर केलाय. भागीदार लिहिलंस तर दोन कागद दोन तोंडांनी बोलतील आणि याचं जाणं तिथेच संपेल."

"मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी नाव घालू."

"हो," बारक्या म्हणाला. "दरवर्षी म्हणायचास."

दादाने सही केली. सही करताना त्याने ओळ वाचली: 'सदर इसम माझ्या दुकानात पगारी नोकर म्हणून.' पुढचं वाचलं नाही.

खुलासा आणि दाखला सोमवारीच ई-मेलने गेले, आणि गुरुवारी सकाळी फोन आला. दादा काउंटरवर होता आणि बारक्या पलीकडे एका बिजागरीला व्हर्नियर लावून माप घेत होता. तीन दिवसांत वेबसाइटवर पाच जणांनी विचारणा केली होती. त्यांतल्याच एकासाठी ही बिजागरी होती. दोघांचं तसं बोलणं होत होतं. मालाबद्दल, चहाबद्दल. आधी होत होतं तेवढंच.

पलीकडे एक बाई होत्या. इमिग्रेशन खात्याच्या, पडताळणी करणाऱ्या. आवाज तरुण, आणि भाषा आपलीच पण जपून, एकेक शब्द पारखून बोललेली. दादाने फोनचा आवाज मोठा केला. त्याला ऐकायला कमी येतं म्हणून, असं तो नंतर म्हणाला असता.

"दुकान चालू आहे ना?"

"चालू आहे. मध्ये चुकून बंद दाखवत होतं. माझ्या हातून झालं."

"ठीक. हे अर्जदार तुमच्याकडे नेमकं काय करतात?"

दादाने सांगितलं. कागदात बघितलं नाही. नाण्याचं सांगितलं, भोकांमधल्या अंतराचं सांगितलं, ओढायच्या आणि ढकलायच्या दाराचं सांगितलं. कोटाचंही सांगितलं. बाई मध्ये एकदा हसल्या. बारक्याने व्हर्नियर खाली ठेवला होता.

"चांगलं काम करतात?"

"त्याच्यासारखं करणारा दुसरा नाही," दादा म्हणाला. "मला येत नाही. मी नुसता गल्ल्यावर बसतो."

हे त्याने सोळा वर्षांत बारक्याला एकदाही म्हटलं नव्हतं. एका अनोळखी बाईला मात्र पटकन सांगून टाकलं. तो बारक्याकडे बघू शकला नाही.

"तुमचं त्यांच्याशी काही नातं?"

"सख्खा भाऊ. धाकटा."

"अच्छा." कीबोर्डचा आवाज आला आणि थांबला. "मग ते दुकानात भागीदार होते का? हे विचारावं लागतं. भागीदार असतील तर नोकरीचा अनुभव धरता येत नाही."

दादाने मान वर केली. बारक्या त्याच्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मागणं नव्हतं, रागही नव्हता. माप बरोबर येतंय का हे बघताना तो असतो तसा तो थांबला होता.

"नाही," दादा म्हणाला. "नोकर होता. पगारी."

"सोळा वर्षांत तुम्ही त्यांना कधीच भागीदार केलं नाही?"

"राहून गेलं."

"माफ करा, काय म्हणालात?"

"करायचं होतं हो. राहून गेलं."

 त्यांच्या फॉर्मवर तसा रकाना नसावा.

"हे मी 'नाही' असं लिहिते," बाई म्हणाल्या. "चालेल?"

"लिहा," दादा म्हणाला.